कच्चे बिल, पक्के बिल आणि मूल्यवर्धित कर

मार्चपासून मेअखेरपर्यंत कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतल्या कोणत्याही बाजारात काजू बीची पोती येताना दिसतात. कोणी रिक्षातून आणतो, कोणी स्कूटरवर पायाशी ठेवून आणतो, आणि परड्यात चार-पाच झाडे असलेली बाई पिशवीतून पाच-सात किलो घेऊन येते. दुकानदार बी वजन करतो, पैसे हातावर ठेवतो आणि व्यवहार तिथेच संपतो. बहुतेक वेळा कागद होत नाही, झालाच तर तो वहीच्या कोपऱ्यावर लिहून फाडून दिलेला चिठोरा असतो. हीच बी पुढे कारखान्यात उकडली जाते, फोडली आणि सोलली जाते, तिच्यातला गर प्रतवारी होऊन डब्यांत भरला जातो, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानात तो ज्या छापील बिलावर विकला जातो त्यावर कराची रक्कम पैशापर्यंत मोजलेली असते. बिनकागदाची सुरुवात आणि पैशापर्यंत हिशेब असलेला शेवट यांच्यामध्ये जे घडते ते नीट पाहिले, तर मूल्यवर्धित कर म्हणजे काय आणि विकसनशील देशात तो आणणे इतके अवघड का असते, हे दोन्ही समजते.

या कराची कल्पना तशी सोपी आहे. वस्तू ज्या ज्या हातातून जाते त्या प्रत्येक हाताने तिच्या किमतीत जेवढी भर घातली, तेवढ्याच भरीवर त्याने कर भरायचा. प्रत्यक्षात ही भर कोणी वेगळी मोजत बसत नाही. व्यापारी आपल्या विक्रीवर पूर्ण कर आकारतो, खरेदी करताना आपण दिलेला कर त्यातून वजा करतो आणि उरलेली रक्कम सरकारजमा करतो. या वजा करण्याला आपल्याकडे ‘वजावट’ म्हणतात, आणि संपूर्ण करपद्धती या एका शब्दावर उभी आहे. आजचा वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, हाही याच जातीचा कर आहे.

केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. साधारणपणे चार किलो बीतून एक किलो गर निघतो, म्हणजे १०० किलो बीतून २५ किलो. बी १२,००० रुपयांना विकली गेली, कारखान्याने गर १७,५०० रुपयांना विकला, घाऊक व्यापाऱ्याने तो १९,००० रुपयांना दुकानदाराला दिला आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला २१,५०० रुपयांना विकला, असे समजा. कराचा दर ५ टक्के धरला तर बीच्या विक्रीवर ६०० रुपये कर होतो. कारखान्याच्या विक्रीवर ८७५ रुपये होतात, पण ६०० ची वजावट मिळाल्याने त्याला २७५ भरावे लागतात. घाऊक व्यापारी ९५० मधून ८७५ वजा करून ७५ भरतो आणि दुकानदार १,०७५ मधून ९५० वजा करून १२५ भरतो. ६००, २७५, ७५ आणि १२५ यांची बेरीज १,०७५ येते, आणि २१,५०० चे ५ टक्केही बरोबर तेवढेच होतात. गिऱ्हाइकाने दिलेला करच चार हप्त्यांनी, चार हातांतून सरकारकडे पोचलेला असतो. व्यापाऱ्यांनी आपल्या खिशातून काही दिलेले नसते, त्यांनी फक्त पोचवण्याचे काम केलेले असते.

आता वजावट काढून टाका आणि प्रत्येक विक्रीवर तोच ५ टक्के कर लावा. कारखानदार बीवर भरलेले ६०० रुपये आपल्या किमतीत मिळवतो, त्या वाढलेल्या किमतीवर पुन्हा कर बसतो, आणि करावर कर चढत जातो. प्रत्येकाने आपली भर मघाएवढीच घातली तरी गिऱ्हाइकाला एकूण सुमारे ३,७३२ रुपये कर पडतो, म्हणजे नावाला ५ टक्के असलेला दर प्रत्यक्षात १७ टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय माल जितक्या जास्त हातांतून जाईल तितका कर वाढतो, त्यामुळे ज्याच्याकडे बागेपासून दुकानापर्यंत सगळे स्वतःचे आहे असा मोठा कारखानदार वाचतो, आणि एकेक टप्प्याचे काम करणारे लहान लोक भरडले जातात. मला या जुन्या पद्धतीतला हा अन्याय सर्वांत मोठा वाटतो, आणि मूल्यवर्धित कराच्या बाजूने मांडला जाणारा खरा मुद्दाही हाच आहे.

यावर दुसरा उपाय असा होता की कर एकदाच, पहिल्या विक्रीवर घ्यावा. महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर येण्यापूर्वी १९५९ च्या मुंबई विक्रीकर अधिनियमाखाली बहुतांश मालाची व्यवस्था अशीच होती. त्यात करावर कर कमी चढतो हे खरे, पण सगळे ओझे एका विक्रीवर आल्यामुळे ती एक विक्री कमी किमतीची दाखवली की काम भागते. आपल्याच घरच्या दुसऱ्या पेढीला माल स्वस्तात विकल्याचे दाखवायचे आणि खरा नफा पुढच्या, करमुक्त विक्रीत घ्यायचा, ही युक्ती त्यातूनच आली. मूल्यवर्धित करात हे जमत नाही, कारण आधीच्या टप्प्यावर किंमत कमी दाखवली तर पुढच्याला वजावटही कमी मिळते आणि बुडालेला कर पुढच्या टप्प्यावर आपोआप वसूल होतो.

हा कर प्रथम १९५४ मध्ये फ्रान्समध्ये आला आणि तो घडवण्याचे श्रेय तिथले करअधिकारी मॉरिस लोरे यांना दिले जाते. विकसनशील देशांमध्ये ब्राझीलने १९६७ मध्येच तो राज्यांच्या पातळीवर स्वीकारला, इंडोनेशियाने १९८५ मध्ये १० टक्क्यांच्या एकाच दराने सुरू केला, आणि आज १७० हून अधिक देशांत तो या ना त्या रूपात आहे. गरीब देश त्याच्याकडे वळले त्यामागे एक मोठे कारण बंदरांचे होते. ज्या देशात शेतकरी, फेरीवाले आणि लहान दुकानदार लाखोंनी आहेत आणि हिशेब ठेवणारे थोडे आहेत, तिथे बंदरावर उतरणाऱ्या मालावर सीमाशुल्क घेणे सर्वांत सोपे असते, कारण माल एकाच दरवाजातून येतो. व्यापार खुला होऊ लागला तशी ही शुल्के कमी करावी लागली, आणि तिजोरीतला तो खड्डा भरण्यासाठी देशातल्या विक्रीकडे पाहणे भाग पडले.

घाई केली तर काय होते हे घानाच्या उदाहरणावरून दिसते. तिथे मार्च १९९५ मध्ये १७.५ टक्के दराने हा कर सुरू झाला. व्यापाऱ्यांना हिशेबाची सवय नव्हती, लोकांना हा नवा कर जुन्या कराच्या जागी येतो आहे की त्याच्यावर चढतो आहे हेच कळत नव्हते, आणि भाव एकदम वाढले. मोठी निदर्शने झाली आणि काही महिन्यांतच सरकारला कर मागे घ्यावा लागला. तोच कर १९९८ च्या डिसेंबरअखेर १० टक्के दराने, लोकांना आधी समजावून सांगून पुन्हा आणला, तेव्हा तो टिकला.

भारतातली अडचण वेगळी होती. आपल्या राज्यघटनेने वस्तू तयार होण्यावरचा कर केंद्राकडे आणि विक्रीवरचा कर राज्यांकडे दिला होता, त्यामुळे कारखान्यापासून दुकानापर्यंतची साखळी मधोमध दोन सरकारांत वाटली गेली होती. केंद्राने १९८६ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना आपल्या उत्पादन शुल्कापुरती वजावट सुरू केली, पण तिचा फायदा कारखान्याच्या फाटकाबाहेर पोचत नव्हता. राज्यांच्या बाजूने पश्चिम बंगालचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राज्य अर्थमंत्र्यांच्या समितीने अनेक वर्षे चर्चा केली, जानेवारी २००५ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, आणि १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्र, गोवा यांसह बहुतेक राज्यांत मूल्यवर्धित कर लागू झाला. हरियाणा दोन वर्षे आधीच पुढे गेला होता. तमिळनाडू २००७ मध्ये आणि उत्तर प्रदेश २००८ मध्ये आला. साधारण वस्तूंवर १२.५ टक्के, गरजेच्या वस्तू आणि कच्च्या मालावर ४ टक्के, सोन्याचांदीवर १ टक्का आणि काही वस्तूंना पूर्ण सूट अशी रचना होती. राज्यांचे उत्पन्न घटले तर पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के भरपाई देण्याचे केंद्राने कबूल केले होते, आणि त्या आश्वासनाशिवाय राज्ये तयार झाली नसती असे मला वाटते.

व्यापाऱ्यांनी तेव्हा ठिकठिकाणी बंद पाळले. त्यांचा विरोध कर बुडवता येणार नाही म्हणूनच होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. ज्या दुकानात बाप गल्ल्यावर बसतो, मुलगा माल काढून देतो आणि उधारीची वही हाच सगळा हिशेब असतो, तिथे प्रत्येक खरेदीचे आणि विक्रीचे बिल जपणे, विवरणपत्र भरणे आणि त्यासाठी कर सल्लागाराला पैसे देणे हा स्वतंत्र खर्च असतो. मोठ्या पेढीला तो खर्च उलाढालीच्या मानाने नगण्य असतो, लहान दुकानाला मात्र तो जड जातो.

म्हणूनच या कराला खालून एक उंबरठा ठेवावा लागतो. आज वस्तूंचा व्यापार करणाऱ्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर साधारणपणे त्याला जीएसटीखाली नोंदणीची सक्ती नाही, आणि दीड कोटी रुपयांपर्यंतच्या व्यापाऱ्याला ठोक रकमेची योजना घेऊन उलाढालीच्या १ टक्का कर भरून मोकळे होता येते. वसुलीचा मोठा भाग मोजक्या मोठ्या व्यापाऱ्यांकडून येत असल्याने लाखो लहान दुकानांच्या मागे लागण्यात सरकारचाही फायदा नसतो. इथपर्यंत सगळे शहाणपणाचे आहे. पण सूट मिळालेला माणूस साखळीत कुठे उभा आहे यावर त्या सुटीचा अर्थ बदलतो, आणि ही गोष्ट फार थोड्या लोकांना सांगितली जाते.

वरच्याच उदाहरणात शेवटचा दुकानदार नोंदणी नसलेला आहे असे धरा. त्याने १९,००० रुपयांवर ९५० रुपये कर देऊन माल घेतला आणि आपले २,५०० मिळवून २२,४५० ला विकला. गिऱ्हाइकाला आधी २२,५७५ पडत होते, आता १२५ रुपये कमी पडले, एवढाच फरक. आता शेवटचा दुकानदार नोंदणीकृत आहे आणि मधला घाऊक व्यापारी मात्र सुटीत आहे असे धरा. त्याने कारखान्याला १७,५०० वर ८७५ रुपये कर दिला, पण त्याला वजावट मिळत नाही, म्हणून ते ८७५ किमतीतच मुरतात. आपले १,५०० घालून तो १९,८७५ ला माल देतो. दुकानदार २,५०० मिळवतो, ती रक्कम २२,३७५ होते, आणि तिच्यावर पूर्ण ५ टक्के, म्हणजे १,११८ रुपये ७५ पैसे कर बसतो. गिऱ्हाइकाला जवळजवळ २३,४९४ रुपये पडतात, म्हणजे सुमारे ९१९ रुपये जास्त, आणि ते सगळे सरकारकडे जातात. मधल्या माणसाला दिलेल्या सुटीमुळे कर वाढला. प्रत्यक्षात दुकानदार असा महाग माल घेत नाही, तो पक्क्या बिलाचा व्यापारी शोधतो, आणि ज्याच्या भल्यासाठी सूट दिली तो लहान व्यापारी मोठ्या गिऱ्हाइकांना मुकतो. ठोक रकमेच्या योजनेतला व्यापारीही आपल्या बिलावर कर दाखवू शकत नाही, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही वजावट नाही.

साखळीच्या पहिल्या हाताचे काय? शेतकरी आपल्या शेतातला माल विकत असेल तर त्याला नोंदणी करावी लागत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण परड्यातल्या चार झाडांसाठी कोणी विवरणपत्र भरणार नाही. सोललेली नसलेली काजू बी मात्र जीएसटीखाली करपात्र आहे. कायद्याने इथे वेगळी तोड काढली आहे. नोंदणीकृत खरेदीदाराने शेतकऱ्याकडून बी घेतली की विकणाऱ्याच्या वतीने नव्हे, तर स्वतःच्या नावावर त्यानेच कर भरायचा, बिल त्यानेच लिहायचे, आणि भरलेल्या कराची वजावटही त्यानेच घ्यायची. याला उलट आकारणी म्हणता येईल. मघाच्या हिशेबातले ६०० रुपये असे कारखान्याच्याच खात्यातून जातात आणि तिथेच परत येतात. शेतकऱ्याला कागदाचा त्रास होत नाही आणि साखळीही तुटत नाही. मला ही तरतूद विचारपूर्वक केलेली वाटते. पण शेतकरी आणि कारखाना यांच्यात गावोगाव बी गोळा करणारा बिनकागदाचा मनुष्य आला की माल नेमका कोणाकडून आला हे सांगणे कठीण होते, आणि तो मनुष्य आपल्याकडे जवळजवळ नेहमीच असतो.

मासळीची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे. ताज्या मासळीवर कर नाही, आणि ज्या किनाऱ्यावर दोन वेळच्या जेवणात मासळी असते तिथे तो नसावाच. पण ट्रॉलर किंवा पर्ससीनवाला, म्हणजे मोठ्या यांत्रिक होडीने मासेमारी करणारा, समुद्रात जाण्यापूर्वी बर्फ घेतो, जाळी घेतो, इंजिनाचे सुटे भाग घेतो, आणि त्या सगळ्यावर कर असतो. बर्फ आणि जाळी यांवर तो ५ टक्के आहे. त्याच्या मासळीवर कर नसल्यामुळे त्याला हा खरेदीवरचा कर वजा करायला जागाच नसते, आणि तो त्याच्या खर्चात बसतो. ‘सूट’ आणि ‘शून्य दर’ यांच्यातला फरक तो हाच. निर्यातीला शून्य दर असतो, म्हणजे विक्रीवर कर नाही आणि खरेदीवर दिलेला करही परत मिळतो. सुटीत फक्त पहिला अर्धा भाग असतो. म्हणून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरलेली मासळी पुढे परदेशी गेली, तर निर्यातदाराला त्याचा स्वतःचा कर परत मिळतो, पण होडीवाल्याच्या बर्फात आणि जाळ्यात मुरलेला कर कोणालाच परत मिळत नाही.

कागदाची साखळी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवते असे या कराबद्दल नेहमी सांगितले जाते, कारण घेणाऱ्याला वजावट हवी असते म्हणून तो देणाऱ्याकडे बिल मागतो. मधल्या टप्प्यांवर हे खरोखर घडते. शेवटच्या टप्प्यावर मात्र पहारा संपतो. घरी खाण्यासाठी काजू घेणाऱ्याला वजावट घ्यायची नसते, आणि दुकानदाराने ‘पक्क्या बिलार ज्यास्त पडतले’ असे सांगितले की तो कच्च्या बिलावर समाधान मानतो. दुसरा धोका याच्या उलट आहे. जिथे कागदालाच पैशाची किंमत आहे, तिथे मालाशिवाय नुसता कागद विकणारे निघतात. महाराष्ट्रात मूल्यवर्धित कराच्या काळात अशा खोट्या बिलांना ‘हवाला बिले’ म्हणत, आणि विक्रीकर विभागाला अशा संशयित व्यापाऱ्यांची यादीच संकेतस्थळावर लावावी लागली होती. राज्याच्या कायद्यात अशी तरतूद होती की विकणाऱ्याने कर खरोखर तिजोरीत भरला असेल तेवढीच वजावट घेणाऱ्याला मिळेल, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सरकारच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे, पण ज्याने खरा माल घेतला, खरे पैसे दिले आणि ज्याच्या विकणाऱ्याने पुढे कर भरला नाही, त्या प्रामाणिक खरेदीदाराला एकच कर दोनदा द्यावा लागतो. एकाच्या लबाडीची किंमत दुसऱ्याने मोजायची ही व्यवस्था मला आजही पटत नाही.

राज्यांच्या सीमेचा प्रश्न २००५ नंतरही बारा वर्षे राहिला. बांद्याच्या पुढे पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्यातून माल सावंतवाडीत आला, तर त्यावर केंद्रीय विक्रीकर लागत असे, जो सुरुवातीला ४ टक्के होता आणि पुढे टप्प्याटप्प्याने २ टक्क्यांवर आला. त्याची वजावट महाराष्ट्रात मिळत नसे. दहा-वीस किलोमीटरवरचा माल करामुळे कोल्हापूरच्या मालापेक्षा महाग पडणे हे सीमेवरच्या बाजारपेठांनी वर्षानुवर्षे सोसले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा साखळीतली ही फट बुजली, आणि सीमाभागाच्या दृष्टीने त्या बदलातला हा भाग निःसंशय चांगला होता.

डिझेल मात्र जीएसटीच्या बाहेर राहिले. पेट्रोल, डिझेल यांवर राज्याचा मूल्यवर्धित कर आजही आहे, म्हणजे २००५ चा तो कर सर्वसामान्यांच्या बोलण्यातून गेला असला तरी प्रत्येक बंदरावर रोज भरला जातो. होडीच्या फेरीचा सर्वांत मोठा खर्च बहुधा डिझेलच असते, आणि त्यावरच्या कराची वजावट कोणत्याही व्यवसायाला मिळत नाही. मच्छीमारांसाठी राज्याने ही रक्कम परत देण्याची योजना ठेवली आहे. पात्र यांत्रिक नौकांना ठरलेल्या कोट्यापर्यंत डिझेल मिळते आणि त्यावरचा मूल्यवर्धित कर मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत परतावा म्हणून दिला जातो. कराच्या भाषेत सांगायचे तर सुटीने मोडलेला अर्धा भाग इथे हाताने जोडला आहे. पण हा परतावा वजावटीसारखा विवरणपत्रात तिथल्या तिथे मिळत नाही. त्यासाठी प्रस्ताव जावा लागतो, तपासणी व्हावी लागते आणि अंदाजपत्रकात तरतूद असावी लागते. दरम्यान होडीवाल्याने कर पंपावर रोख भरलेला असतो, आणि परतावा येईपर्यंतचे महिने तो खलाशांचा पगार व पुढच्या फेरीचे डिझेल व्यापाऱ्याच्या उचलीवर भागवतो. ती उचल ज्याच्याकडून घेतली, त्यालाच मासळी द्यावी लागते, आणि भावही बहुतेक वेळा तोच ठरवतो.